सवाष्ण जेवल्याशिवाय

लाडू तोंडात घातला आणि मी चावायची थांबले.

कोंढरीच्या मुरलीधराच्या देवळात आम्ही बायका भिंतीला टेकून बसलो होतो. अधिक महिन्यातली एकादशी होती. भजन नुकतंच संपलं होतं आणि अनसाबाई धायगुडे परात कमरेवर घेऊन ओळीनं प्रसाद वाटत होत्या. त्या देवळात प्रसाद करायचा अनसाबाईंनी आणि वाटायचाही त्यांनीच, हे गावानं कधी ठरवलं कुणास ठाऊक, पण ठरलेलं होतं. त्यांच्या गुडघ्यांना वाकणं सोसत नसे, तरी प्रत्येकीच्या तळहातावर त्या वाकूनच लाडू ठेवत.

"घ्या ताई. शेंगदाण्याचा हाय, उपासाला चालतो," त्या मला म्हणाल्या होत्या. "आन् दुधाची पावडर घातलीया वाईच. तीबी चालती, न्हवं?"

"चालते की," मी म्हणाले होते.

आता तोच लाडू तोंडात विरघळत होता. शेंगदाणा, गूळ, वेलची. आणि वेलचीच्या आडून येणारा आणखी एक वास. व्हॅनिलाचा. तो वास मी झोपेतही ओळखला असता. आमच्या कंपनीच्या मागच्या इमारतीतून दुपारभर तोच यायचा.

"छान झालेत लाडू," मी म्हणाले. "पावडर कुठली आणलीत?"

"आता घ्या," अनसाबाई हसल्या. "तुमचीच की. सुनंला वाण दिलंत त्यातली. वाण काय एकट्यानं खायाचं आसतं व्हय? म्हटलं, धोंड्याचा महिना हाय, देवाच्या दारात वाटू. तुमालाबी पुण्य, आमालाबी."

"शेंगदाणेही त्यातलेच?"

"शेंगदाणं, गूळ, समदं. डाळीचं पुरण घालून मुलगी-जावयाला धोंडं जेवू घातलं परवा. तुमचं नाव काढलं बगा जावयानं."

शेजारची बाई म्हणाली, "ताईंचं वाण साऱ्या गावाला लागलं." सगळ्या हसल्या. मीही हसले. प्रसाद थुंकायचा नसतो, म्हणून गिळला.

समोर, खांबाच्या आडोशाला अनसाबाईंची सून हर्षदा बसली होती. बावीस वर्षांची पोर. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला, तरी गळ्याखालची हाडं दिसत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

तो लाडू तिच्यासाठी होता. ती पावडर, ते शेंगदाणे, ती डाळ, सगळं एकट्या तिच्यासाठी होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी शिरवळजवळच्या एका औषध कंपनीच्या सामाजिक विभागात काम करायची. पंचक्रोशीत तिला गोळ्यांची कंपनी म्हणत. नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करायचा असा कायदा झाला, तेव्हा कुठे शाळेला बाकं दे, कुठे झाडं लाव, असं करत करत आमच्या कंपनीनं क्षयाच्या रोग्यांचा आहार अंगावर घेतला होता. औषध सरकार फुकट देतं. पण ते औषध जहाल. पोटात अन्न नसलं तर माणूस ओकून टाकतो, दोन महिन्यांत जरा बरं वाटलं की सोडून देतो, आणि मग दुखणं दुप्पट होऊन परत येतं. म्हणून दर महिन्याला एक निळी पिशवी: शेंगदाणे, गूळ, हरभऱ्याची डाळ, मटकी, तेल आणि कंपनीत तयार होणारी ती पावडर. पिशवी गावोगाव पोचवायचं काम माझ्याकडे. चांगलं काम होतं. मला ते देवाच्या कामाहून वेगळं कधी वाटलं नाही.

हर्षदाचं नाव गावातल्या आशाताईनं दिलं. ती मला पहिल्यांदा भेटली ती आरोग्य केंद्रात, औषधाच्या खिडकीपाशी.

"पिशवी घरी नका आणू, ताई," तिनं आधी हेच सांगितलं.

"घरी माहीत नाही?"

"ह्यांना माहीत आहे. ते चाकणला असतात, पंधरा दिवसांनी येतात. आत्यांना नाही सांगितलं." सासूला ती आत्या म्हणायची. "ताकदीच्या गोळ्या म्हणून घेते मी. आत्यांच्या बहिणीच्या सुनेला हाच रोग झाला होता. बरी होईपर्यंत माहेरी राहा म्हणाले. बरी झाली, पण न्यायला कुणी आलं नाही. चार वर्षं झाली."

"तुझ्या आत्या तशा वाटतात का?"

"तशा नाहीत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "त्या मावशीही तशा नव्हत्या."

रात्री देवापुढे बसले असताना मला सुचलं. अधिक महिना लागतच होता. या महिन्यात सवाष्णीला वाण द्यावं, शिधा द्यावा, आणि द्यावं ते पदराआड झाकून द्यावं. घेणारीनं काय घेतलं हे चारचौघांत मोजलं जाऊ नये, म्हणून असेल. मी खरोखरच संकल्प सोडला, पिशवीवर स्वतःच्या पैशांनी घेतलेला खण-नारळ ठेवला आणि कोंढरीला जाऊन अनसाबाईंच्या देखत हर्षदाची ओटी भरली. म्हणाले, "माझा नेम आहे, एका सवाष्णीला शिधा द्यायचा. तुमच्या सुनेला देऊ का?" यात खोटं काही नव्हतं. अनसाबाईंनी मला पाटावर बसवून गूळपाणी दिलं.

अडचण फोटोची होती. पिशवी देतानाचा प्रत्येकाचा फोटो मुख्य कार्यालयाला जायचा. मागे फलक, फलकावर कंपनीचं चिन्ह आणि क्षयमुक्तीची अक्षरं, पुढे रोगी, त्याच्या हातात पिशवी. मी हर्षदाचा फोटो काढला तो वाण देतानाचा. दोन हात, त्यावर माझा पदर, पदराखालून डोकावणारं निळं टोक.

टिपणीस आमच्या विभागाचे प्रमुख. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड. त्यांनी तो फोटो मोठा करून पाहिला, उलटा करून पाहिला.

"शरयूताई, हा पदराचा फोटो आहे."

"हो."

"क्षय पदराला झालाय का?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं.

"एकदा चालवून घेतो," ते म्हणाले. "पण हे बघा ताई, कंपनी दान करत नाही. दायित्व निभावते. दानाला पावती लागत नाही, दायित्वाला लागते. कुणी म्हणालं, हे रोगी खरेच आहेत कशावरून, तर मी काय पदर दाखवू?"

"आमच्याकडे उलटं आहे," मी म्हणाले. "द्यायचं ते झाकून."

"तुमच्याकडे लेखापरीक्षक येत नाही ना," टिपणीस म्हणाले.

तर अशी सगळी निगुतीनं केलेली योजना, आणि ती परातीत लाडू होऊन गावभर वाटली गेली होती. साधी पिशवी दिली असती तर घरातल्या डब्यात गेली असती, चार घास तरी पोरीच्या तोंडी लागले असते. मी तिचं वाण केलं, आणि अनसाबाईंसारखी भाविक बाई वाण घरात ठेवून घेते थोडीच. त्या आठवड्यात केंद्रात हर्षदाला काट्यावर उभं केलं तेव्हा काटा आधीच्याही मागे गेला होता. दोनदा गोळ्या ओकून पडल्या, असं ती हळूच म्हणाली.

"मग तू खाल्लंस का नाही?"

"आत्यांनी देवाला काढून ठेवलं. मी कुठल्या तोंडानं मागू?"

मला रात्रभर एकच सुचत होतं: जाऊन अनसाबाईंना सांगावं, की या व्रतात वाण सवाष्णीनं एकटीनंच खायचं असतं, वाटलं तर फळ मिळत नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं असतं. पण असं कुठल्याही पोथीत नाही. आपल्या सोयीसाठी देवाच्या तोंडी नियम घालायचा, हे माझ्यानं होईना.

पहाटे तुळशीला पाणी घालताना वाट दिसली. एक नियम खरा होता, जुना होता, माझ्या आईनं पाळलेला मी पाहिला होता. सवाष्ण जेवायला सांगितली की ती जेवेपर्यंत यजमानीण अन्नाला शिवत नाही. मी हातावर पाणी सोडलं. या वेळी नेम साधा नव्हता, हे मला कळत होतं.

त्याच दिवशी पदरचा शिधा घेऊन कोंढरीला गेले. अनसाबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या.

"अनसाबाई, एक विचारायला आलेय. मी नेम धरलाय. रोज सकाळी तुमची सून मी दिलेल्या शिध्यातलं पोटभर खाईल, आणि मगच मी तोंडात घास घालीन."

त्यांचे हात थांबले. "रोज?"

"रोज. कार्तिकापर्यंत."

"आन् तिनं न्हाय खाल्लं तर?"

"तर मी उपाशी."

"आवो, आसला कसला नेम? तुमी तिकडं शिरवळात, आमी हिकडं. तुमाला कसं कळायचं?"

"फोन आहे ना तुमच्याकडे. ती जेवली की एक रिंग द्या आणि ठेवून द्या. पैसे पडत नाहीत."

अनसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. नवल असावं असं वाटलं.

"म्हंजी माझ्या सुनंनं टंगळमंगळ केली, तर परक्या घरची बाई माझ्या पायी उपाशी मरायची," त्या शेवटी म्हणाल्या.

"तसंच."

"लई वंगाळ नेम हाय, ताई." त्यांनी लसणाचं सूप बाजूला सारलं आणि आत तोंड करून हाक मारली, "हर्षे, उद्यापासनं तुझं नखरं बंद. उठलीस की आधी गिळायचं. समजलं?"

दुसऱ्या दिवशी मी पोथीचा अध्याय संपवून उठत होते तेव्हा फोन एकदा वाजला आणि थांबला. मी हात जोडले आणि चहा टाकला.

त्यानंतर रोज. अधिक सरला, पाठोपाठ चातुर्मास लागला, वाणाचं निमित्त संपलं तरी नेमाचं होतंच. आमचे हे म्हणायचे, "तुझा चहा अनसाबाईंच्या हातात आहे." कधी फोन उशिरा यायचा, तेव्हा मागाहून कळायचं, की हर्षदाला मळमळत होतं आणि सासू वाटी घेऊन तिच्यापुढे बसून राहिली होती. "खा गं बाई, तिकडं ती माऊली ताटकळली आसंल," असं म्हणत. हर्षदाच मला सांगायची, केंद्रात भेटली की. सांगताना तिच्या गालांत आता थोडं मांस दिसायचं. काटा पुढे सरकत होता.

गौरी-गणपती झाले आणि टिपणीसांनी मला बोलावून घेतलं.

"मुख्य कार्यालयातून वागळे साहेब येतायत. सगळ्या रोग्यांना इथे हॉलमध्ये बोलवायचं. नाव पुकारायचं, पिशवी द्यायची, फलकापुढे फोटो. ज्यांचे आधीचे फोटो नीट नाहीत त्यांचे तर हवेतच."

"हर्षदा येणार नाही."

"ताई, तुमचा पदर मी चार महिने सांभाळला. आता नाही जमणार. जो येणार नाही त्याचं नाव पुढच्या महिन्यापासून कमी होईल. माझ्या हातात नाही हे."

"तिचे अजून दोन महिने राहिलेत. सुधारतेय ती."

"मग तिला आणा."

फोटो स्थानिक पेपरात छापून येणार, कंपनीच्या फाटकाशी लागणार. कोंढरीची निम्मी पोरं त्या फाटकातून कामाला ये-जा करायची. मी हर्षदाला विचारलं, कारण न विचारता ठरवणं बरोबर नव्हतं. ती म्हणाली, "पिशवी राहू द्या, ताई." आणि मग, "तुमचा नेम कसा करायचा?"

"शिधा मी माझ्या घरून देईन," मी म्हटलं. पण पदरचं किती दिवस पुरणार, आणि ती पावडर तर कुठे विकतही मिळत नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी फोन वाजला नाही.

मी अध्याय दोनदा वाचला. कोंढरीला फोन लावला तर बंद. तशीच कामावर गेले. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, फलक बांधला, माणसं गावोगावहून येऊ लागली. पाहुण्यांना परत जायची घाई होती म्हणून जेवण आधी आणि कार्यक्रम मग, असं ठरलं होतं. मी वाढत होते. वागळे साहेब साठीच्या घरातले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांचं लक्ष गेलं.

"तुम्ही नाही बसलात? उपास आहे का?"

"नाही. एक सवाष्ण जेवायची आहे. ती जेवली की मी जेवते."

"कुठे आहे ती?"

"तिच्या गावी."

"मग कळणार कसं तुम्हाला?"

"फोन वाजतो."

त्यांनी घास हातात धरून विचार केला. "आणि नाही वाजला तर?"

"आजवर वाजलाय," मी म्हणाले.

टिपणीस माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, कोंढरीची खुर्ची रिकामी आहे."

"दिसतेय मला."

कार्यक्रम सुरू झाला. टिपणीस एकेक नाव पुकारत होते. माणसं संकोचानं उठत, पिशवी घेत, फलकापुढे उभी राहत. काहींनी फोटोच्या क्षणी पिशवी जरा वर धरली, तोंडापर्यंत. मी मागे दारापाशी उभी होते आणि माझ्या मनात एवढंच होतं, की आज पोरीनं खाल्लं की नाही.

तेवढ्यात दारात अनसाबाई दिसल्या. चपला त्यांनी हॉलच्या बाहेर काढल्या होत्या, देवळाच्या काढतात तशा. घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं.

"ती जेवली, ताई," धाप लागली असतानाच त्या म्हणाल्या. "भाकरी, मटकीची उसळ आन् वाटीभर ते पांढरं दूध. दोन दीस गावात लाईट न्हाय, फोन मेला. वडापच्या जीपला लटकून आले. गोळ्याबी घेतल्या तिनं. आता तुमी जेवा."

"कुठल्या गोळ्या?" मी विचारलं.

"आता मला इचारता व्हय?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "गोळ्यांच्या कंपनीतली बाई रोज माझ्या सुनंच्या पोटापायी उपाशी बसती. ह्यात काय ते मला कळत न्हाय? तुमी नेम सांगून गेलात, त्याच दिवशी मी पोरीकडं नीट बघितलं. न्हायतर मी मेली लाडवं वळीत बसले होते."

"मग तिला बोलला का नाहीत?"

"ती सांगत न्हाय, म्हंजी तिला सांगायचं न्हाय. भ्या वाटत आसंल माझं. मग मी कशाला इचारू? तिला खायाला घालायचं तेवढं घालते."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी पदरानं टिपलं. अनसाबाई आता फलकाकडे बघत होत्या.

"काय लिवलंय त्याच्यावर?"

मी वाचून दाखवलं.

"आन् फोटू कशापायी?"

"आजारी माणसाचा लागतो. नाही काढला तर पुढची पिशवी बंद."

समोर टिपणीसांनी पुकारलं, "कोंढरी. धायगुडे." रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी पुन्हा पुकारलं.

"हाय," अनसाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि खुर्च्यांच्या मधून, गुडघे सांभाळत, पुढे गेल्या.

टिपणीसांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. माईकवर हात ठेवून ते खाली वाकले. मीही पुढे गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मावशी, इथे हर्षदा नाव आहे."

"माझ्याच घरातली हाय ती."

"फोटो आजारी माणसाचा हवा."

"मग काढा की."

"आजारी तुम्ही आहात?"

"साहेब," अनसाबाई म्हणाल्या, "घरात येक आजारी पडलं की समदं घरच आजारी आसतं. तुमाला तोंड पायजे न्हवं? ह्ये घ्या तोंड."

टिपणीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी मला काही विचारलं नाही.

वागळे साहेब खुर्चीतून उठले. पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि दोन्ही हातांनी अनसाबाईंच्या हातात दिली. "पिशवी घराला द्यायची असते, टिपणीस," ते म्हणाले. "काढा फोटो."

फोटोवाल्यानं यंत्र डोळ्याला लावलं. मला वाटलं, आता अनसाबाई पदर ओढून घेतील. त्यांनी पदर मागे सारला.

"तोंड दिसतंय न्हवं नीट?" त्यांनी विचारलं.

कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्यासमोर बसल्या, मी पहिला घास घेतलेला पाहिला, आणि मगच स्वतःच्या पानाला हात लावला. टिपणीस येऊन उभे राहिले.

"ताई, पुढच्या महिन्यापासून पदराचेच फोटो पाठवू. सगळ्यांचे."

"आणि लेखापरीक्षक?"

"सांगेन, या भागात पदरालाच होतो," टिपणीस म्हणाले. त्यांनी नंतर ते खरंच वागळे साहेबांकडून लेखी मंजूर करून घेतलं. पण तोवर अनसाबाईंचा फोटो निघून गेला होता. चार दिवसांनी तो पेपरात आला, फलकासकट, अगदी स्वच्छ.

मी पुन्हा कोंढरीच्या देवळात गेले ती कार्तिकी एकादशीला. हर्षदाचं औषध संपत आलं होतं, केंद्रात थुंकी तपासून स्वच्छ आली होती. भजन चालू होतं. अनसाबाई नेहमीच्या जागी, परातीपाशी नव्हत्या. शोधलं तेव्हा दिसल्या, सगळ्यांत मागे, दाराशेजारी, दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. प्रसादाची परात दुसऱ्याच बाईच्या कमरेवर होती, आणि प्रसाद बाजारच्या पेढ्यांचा होता.

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

"सरकून बसा, ताई, लोक बघत्यात," त्या पुटपुटल्या.

"बघू देत. हर्षदा कुठेय?"

"घरी. तिला कळल्यापासनं रडती. म्हणती, आत्या, मी देवळात उभी ऱ्हाऊन सांगते. म्या म्हटलं, तोंड उघडशील तर याद राख. माझं काय, चार दिवस कुणी परातीला शिवू दिलं न्हाय तर जीव जातुय व्हय? तुला पोरंबाळं व्हायचीत अजून."

"तुम्ही तरी सांगून टाका ना. मला काही झालेलं नाही, म्हणावं."

"मंग कुणाला झालंय, ते इचारतील की."

भजन संपलं. पेढ्यांची परात ओळीनं येत होती. आमच्याशी येऊन ती बाई थबकली, माझ्या हातावर पेढा ठेवला, अनसाबाईंच्या पुढ्यात कागदावर ठेवला आणि गेली. अनसाबाईंनी तो कागदासकट उचलून कपाळाला लावला.

मी पेढा बाजूला ठेवला आणि तळहात त्यांच्यापुढे केला.

"काय?" त्या म्हणाल्या.

"प्रसाद."

"माझ्या हातचा न्हाय चालत आता."

"मला चालतो. तुम्ही काही केलं नाही, असं व्हायचं नाही एकादशीला."

त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत एकच लाडू होता, देवासाठी वळलेला. कुणी बघत नसताना गाभाऱ्याच्या उंबऱ्याला लावून त्यांनी तो परत बांधून घेतला असावा. त्यांनी पदर पुढे ओढला आणि पदराआडून तो माझ्या हातावर ठेवला.

मी तिथेच, मागच्या ओळीत बसून, सगळ्यांच्या देखत खाल्ला. शेंगदाणा होता, गूळ होता, वेलची होती. पावडरीचा वास कुठेच नव्हता.